छातीवरची पाहुणी

"तुमच्या हॉलातला दिवा चार दिवस झाले रात्रभर जळतोय की हो," भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या, आणि मी ओळखलं, की बादलीतले कपडे आज पिळलेलेच राहणार.

म्हैसूरला कुवेंपुनगरात आमची गल्ली म्हणजे एकाला एक लागून थर्टी-फॉर्टीच्या साइट. घर बांधून जी चार फूट जागा उरते तिच्यात तुळस, कढीपत्ता, पाण्याचा नळ आणि शेजारणीचं लक्ष, एवढं सगळं मावतं. मधली भिंत छातीइतकी, कोपर टेकायला सोयीची. अलीकडे मी, मूळची सोलापूरची. पलीकडे वहिनी, बेळगावच्या. तीस वर्षं इथं काढली तरी त्यांचा 'की हो' सुटलेला नाही. आणि मागच्या कोपऱ्याला अज्जी, इथल्याच. त्यांना मराठी कळतं पूर्ण आणि बोलता येतं अर्धं. आमचं कन्नड ऐकलंत तर अज्जींना पंडित म्हणाल.

"सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिट माफ आहेत म्हणून का?" वहिनींनी दुसरा खडा टाकला.

सांगायचं नव्हतं. पण चार दिवस पोटात ठेवून मलाच अजीर्ण झालं होतं. "कुणाला सांगू नका हं," असं म्हणून, म्हणजे सगळ्यांना सांगायची मुभा देऊन, मी सुरू केलं.

आमचा धाकटा कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिकडे अमेरिकेत दिवस, म्हणून याची रात्रपाळी. सकाळी सातला येतो, उप्पीट खातो, वर गिलासभर फिल्टर कॉफी पितो, पडदे ओढतो आणि उताणा पडतो. त्या दिवशी दुपारी त्याला जाग आली. जाग म्हणजे चांगली जाग. पंखा दिसतोय, कॅलेंडर दिसतंय, स्वयंपाकघरातला माझा कुकर ऐकू येतोय. पण हात हलेना, मान वळेना. छातीवर पाटा ठेवावा तसं ओझं. आणि दाराशी एक बाई उभी. ती सरकत सरकत जवळ आली आणि चढलीच की अंगावर! हा जीव खाऊन ओरडला, पण घशातून आवाज निघाला नाही. मी दहा फुटांवर कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तिसरी शिट्टी झाली, त्याचं करंगळीचं बोट हललं, आणि बाई नाही, ओझं नाही, काही नाही. सव्वीस वर्षांचा घोडा, स्वयंपाकघरात येऊन माझा पदर धरून उभा राहिला. सहावीनंतर पहिल्यांदाच. तेव्हापासून रजा काढून हॉलमध्ये दिवा लावून झोपतोय.

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय नेसली होती?"

"अहो वहिनी, पोराचा जीव जायची वेळ आणि तुम्ही—"

"खरंच विचारते की. लुगड्यावरून जात कळते. हिरवं लुगडं, हातात चुडा असला तर जखीण, सवाष्ण गेलेली."

"पांढरी साडी. केस मोकळे."

"हात्तिच्या. सिनेमातली." वहिनी निराश झाल्या. साड्यांच्या बाबतीत त्यांना कमअस्सल खपत नाही. आदल्याच रविवारी त्यांनी नवी म्हैसूर सिल्क आणली होती, नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांनी 1912 साली काढलेल्या कारखान्याची, चिंतामणी रंगाची, काठाला खरी जर. ती त्यांनी मला याच भिंतीवर पसरून तीनदा दाखवली. तिन्ही वेळा मी "छान आहे" म्हणाले. तिसऱ्यांदा जरा घसा खाकरूनच.

एवढ्यात मागच्या कोपऱ्यातून अज्जींनी डोकं वर काढलं. हातात मोगऱ्याची परडी. "तिंडी आयता?" न्याहारी झाली का? म्हैसूरमध्ये डोक्यावर आभाळ कोसळलं तरी आधी हे विचारतात, मग आभाळाकडे बघतात. आम्ही दोघींनी "आयतु" म्हटलं आणि वहिनींनी माझी 'कुणाला सांगू नका'ची गोष्ट मीठमसाला लावून अज्जींना सांगितली. त्यांच्या तोंडी बाईला लांब नखंही आली.

"देव्वा," अज्जींनी निकाल दिला. "देव्वा अमुकतं. दाबतं. दारावर लिहा, नाळे बा."

नाळे बा म्हणजे उद्या ये. नव्वदीच्या दशकात बेंगळुरूसकट कर्नाटकात ठिकठिकाणी दारांवर, भिंतींवर ही अक्षरं होती. रात्री एक बाई येते, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं, अशी वदंता. मग दारावर लिहून ठेवायचं. बाई येणार, वाचणार, बरं उद्या येते म्हणून परत जाणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 2018 च्या 'स्त्री' सिनेमात हीच युक्ती मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेऊन ठेवली आहे. अज्जी म्हणतात, त्यांनी खडूनं लिहिलं होतं. सकाळी सडा टाकताना पुसायचं, संध्याकाळी पुन्हा लिहायचं. मला त्या भुताची दयाच आली. सरकारी कचेरीत आपल्याला जे ऐकावं लागतं ते त्या बिचारीला मेल्यावरही ऐकावं लागलं.

"पण अज्जी, ही दारातून आली नाही, झोपेतून आली," मी म्हटलं आणि माझ्याकडची बातमी बाहेर काढली. माझी भाची बेंगळुरूला मनोविकारशास्त्र शिकते. पोरानं पदर सोडल्यावर मी पहिला फोन तिला लावला होता. ती आधी हसली. मग म्हणाली, "मावशी, त्याला कुणी धरलं नव्हतं. त्याला झोपेनं अर्धवट सोडलं होतं."

आता तिनं मला समजावलं ते मी भिंतीवर जसं समजावलं तसं सांगते. झोप ही एकसारखी नसते, तिचे फेरे असतात, साधारण दीड दीड तासाचे. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटाकडे पापण्यांखाली बुबुळं भराभरा फिरतात. शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली ते जगापुढे मांडलं. ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. आणि त्या वेळी मेंदूच्या बुंध्यातून हुकूम सुटतो, की हातापायांचे सगळे स्नायू बंद. नाहीतर माणूस स्वप्नात धावला की पलंगावरून खाली. फ्रान्समध्ये ल्योंच्या मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूतली ती हुकूम सोडणारी जागा निकामी केली. तर झोपलेली मांजरं उठून, नसलेल्या उंदरांवर झडप घालायला लागली.

"म्हणजे कर्नाटक बंदसारखं," वहिनी म्हणाल्या.

अगदी तसंच! बंदमधून दूध आणि ॲम्ब्युलन्स वगळतात, तसे इथून डोळे आणि पोटावरचा श्वासाचा पडदा वगळलेले. बाकी सगळं ठप्प. घोळ कधी होतो? बंद मागे घेतला, पण बातमी बसस्टँडवर पोचली नाही, तेव्हा. मेंदूचा एक भाग जागा होऊन कामावर निघतो, आणि गाड्या अजून डेपोत. झोपेत शिरतानाही असं होतं आणि झोपेतून निघतानाही. काही सेकंद, फार तर एकदोन मिनिटं. पण ज्याच्यावर बेततं त्याला तो तास वाटतो.

"आणि छातीवर बसतं ते?" अज्जी.

श्वास चालू असतो, पण वरवरचा, झोपेतला. जागं झालेलं डोकं घाबरून मोठा श्वास घ्यायला जातं, तर बरगड्यांचे स्नायू संपावर. श्वास ओढतोय आणि येत नाही, याचा अर्थ मेंदू एकच लावतो, कुणीतरी बसलंय. मेंदूत बदामाच्या आकाराची एक भीतीची चौकी आहे. ती त्या वेळी टक्क जागी असते. शिट्टी वाजवत चोर शोधते. खोलीत चोर नाही. पण स्वप्नांचा कारखाना शेजारीच अजून चालू असतो, तो लगेच एक चोर तयार करून देतो. "आणि मावशी," भाची म्हणाली होती, "त्याला नेसवायला कापड बाहेरून येत नाही. ज्याच्या त्याच्या कपाटातलंच असतं."

वहिनी गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की काहीतरी येणार असतं.

"माझ्या सासूबाई आल्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या.

"कधी?"

"गेल्यावर. महिन्याभरानं. आठ महिने अंथरुणाला होत्या, मी एक रात्र सलग झोपले नव्हते. त्या पहाटे डोळे उघडले तर छातीवर बसलेल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोसुद्धा वाजला. बोलल्या काही नाहीत, नुसत्या बघत बसल्या. जिवंतपणी बघायच्या तशाच."

"मग? भाऊजींना सांगितलंत?"

"वेडी की काय? म्हणाले असते, आईला तुझ्याशी काहीतरी बोलायचं असेल."

यावर तिघी इतक्या हसलो, की समोरच्या घराची खिडकी उघडली. मग अज्जींचा बांध फुटला. पहिल्या बाळंतपणात, दुपारच्या झोपेत, त्यांच्या अंगावर एक मिशाळ राक्षस आला होता. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग. म्हणजे चामुंडी टेकडीवर उभा आहे तो महिषासुरच, रंगासकट! ज्या गावाचं नावच त्याच्यावरून पडलं, तिथं तो घरी येणारच. आपण मराठी माणसं तर गावाच्या नावात सरळ म्हैसच बांधून ठेवतो. अज्जींच्या सासूनं तेव्हा टेकडीकडे तोंड करून नारळ फोडला आणि सुनेला पंधरा दिवस बाळाच्या रात्रीच्या जागरणातून सुटी दिली. अज्जींना अजून वाटतं गुण नारळाचा. मला विचाराल तर गुण सुटीचा, पण नारळाशिवाय सुटी मिळाली नसती, हेही खरं.

राहिले मी. दहावीची परीक्षा, सोलापूरचा वाडा, मागे पिंपळ. पिंपळावर मुंजा आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रात्री दोनपर्यंत भूमिती करून पडले आणि पहाटे तो माझ्या पायाशी. गोटा केलेला, शेंडी, लंगोटी, आणि नुसता दात काढून हसतोय. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि उशाखाली अडकित्ता ठेवला. वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गॅस असेल."

हे मी भाचीला सांगितलं तर म्हणाली, आजोबांचं मत हजार वर्षांचं जुनं आहे. बुखाऱ्यात दहाव्या शतकात अल-अखावैनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी लिहून ठेवलंय, की पोटातून वाफा उठून मेंदूकडे जातात, त्यामुळे रात्री हे दडपण येतं. म्हणजे गॅसच! पुढे 1664 मध्ये हॉलंडच्या डीमरब्रुक या डॉक्टरांनी पन्नाशीतल्या एका बाईची हकीकत छापली. दिवसा ठणठणीत, रात्री मात्र तिला कधी वाटायचं सैतान अंगावर पडलाय, कधी मोठा कुत्रा, कधी चोर.

"कुत्रा?" वहिनी म्हणाल्या. "शेजाऱ्यांचा असणार."

नावं तर गावोगाव. तमिळनाडूत त्याला 'अमुक्कुवान पेय' म्हणतात, दाबणारं भूत. हे ऐकून अज्जींचा चेहरा असा फुलला, जणू कावेरीचं पाणी आत्ताच वाटून मिळालं. बंगालात म्हणतात 'बोबा' धरतो, म्हणजे मुका. ओरडता येत नाही ना, म्हणून. जपानात 'कानाशिबारी', जणू लोखंडानं जखडलं. मेक्सिकोत म्हणतात मेलेला माणूस अंगावर चढला. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर'मधली 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे, छातीवर बसणारी जुनी हडळच ती. पण फ्यूझेली या चित्रकारानं 1781 मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर एक खुजं भूत बसवलं, आणि पडद्याआडून घोड्याचं डोकंही काढून ठेवलं. आणि इटलीत अब्रुत्सो नावाच्या भागात तिला म्हणतात 'पांडाफेके'. तिच्यासाठी दाराशी झाडू ठेवायचा किंवा पलंगाशी वाळूचा ढीग. ती हीर मोजत बसते, कण मोजत बसते, तोवर उजाडतं.

"बघा!" अज्जी म्हणाल्या. "नाळे बा."

खरंच की. इटलीची म्हातारी झाडू ठेवते, आमच्या अज्जी खडू घेतात, माझी आई अडकित्ता. भुताला हरवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पहाटेपर्यंत कामाला लावायचं, नाहीतर उद्याची तारीख द्यायची. संसार केलेल्या बायकांचंच हे शहाणपण.

"पण किती जणांना होतं हे?" वहिनींनी विचारलं. भाचीकडून तोही आकडा घेतला होता. शार्पलेस आणि बार्बर या दोघांनी 2011 मध्ये 35 अभ्यास एकत्र केले, 36 हजारांवर माणसं. जन्मात एकदा तरी असा अनुभव आलेले शंभरात साधारण 8. विद्यार्थी घेतले तर शंभरात 28. जागरणं, दुसरं काय?

"आणि आपण भिंतीवर तीन, तिघींनाही," वहिनी म्हणाल्या.

बाकीच्या भिंतींवर कुणी विचारलेलंच नाही, म्हणून त्यांचा टक्का कमी. पंधरा वर्षं आम्ही याच भिंतीवर कोपरं घासली. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या कर्जाचं, कुणाच्या किडनीतल्या खड्याचं माप आम्हाला तोंडपाठ. आणि आपल्याच छातीवर कोण बसून गेलं ते तिघींनीही गिळून टाकलेलं. 'हिला लागलंय' म्हणतील, नाहीतर 'हिचं डोकं फिरलंय' म्हणतील, एवढ्याच भीतीनं. बलांद जलाल नावाच्या संशोधकानं इजिप्त आणि डेन्मार्कमधली माणसं ताडून बघितली. इजिप्तमध्ये, जिथं जिन्नाची गोष्ट घराघरात आहे, तिथं माणसं जास्त घाबरलेली आणि जास्त वेळ जखडलेली. अंग दोन्हीकडे सारखंच थिजतं. पण गोष्टीची भीती पुढच्या झोपेत शिरते, ती झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेतून पुन्हा तेच.

"मग करायचं काय ते सांग," अज्जी म्हणाल्या.

भाचीनं दिलेली यादी अशी. झोपेची वेळ रोज एकच, रात्रपाळी असली तरी. उताणं झोपायचं नाही, कुशीवर. सकाळची ती गिलासभर कॉफी बंद. हे ऐकून अज्जींनी कानावर हात ठेवले, म्हैसूरमध्ये असं बोलू नये. पाठीला लोड लावून द्यायचा, म्हणजे माणूस उताणा होत नाही. वहिनींनी सुचवलं, बनियनला मागून टेनिसचा चेंडू शिवा, भाऊजींचं घोरणं त्यांनी तसंच थांबवलंय. आणि एवढं करून ती आलीच तर? झगडायचं नाही. डोळे हलतात, ते हलवायचे. पायाचा अंगठा किंवा बोट, एवढंच हलवायला बघायचं. मनात म्हणायचं, बंद आहे, आत्ता मागे घेतील. वारंवार यायला लागली, किंवा दिवसा कामात असताना झोपेचे झटके यायला लागले, हसता हसता गुडघ्यातलं बळच गेलं, तर मात्र मांत्रिक नको, नारळ नको, सरळ झोपेच्या डॉक्टरकडे. त्या दुखण्याला वेगळं नाव आहे आणि औषधं आहेत.

धाकट्याला लोड दिला. कॉफीवरून दोन दिवस अबोला झाला. पण त्याला खरा उतार पडला तो वहिनींनी सासूबाईंची गोष्ट त्याला सांगितल्यावर. पोट धरून हसला, आणि त्या रात्री हॉलातला दिवा त्यानंच मालवला.

जागी राहिले मी. रोज त्याच्या खोलीची चाहूल घेत. त्याच्या झोपेची राखण करता करता आठवडाभर माझ्याच झोपेचं खोबरं झालं. आणि परवा पहाटे मला जाग आली. देवळातलं सुप्रभातम् ऐकू येत होतं, पंखा दिसत होता, आणि मी हलत नव्हते. पायाशी कुणीतरी उभं. आता मला बुखारा माहीत, शिकागो माहीत, ल्योंची मांजरं माहीत. सांगते, त्या क्षणी त्यातलं एकही कामाला आलं नाही. भीती ती भीतीच. ती जवळ आली, वाकली, आणि छातीवर बसली. तेवढ्यात अंगठ्याची आठवण झाली. अंगठा, अंगठा, अंगठा... आणि बंद मागे घेतला गेला. घामानं उशी ओली. पण मिनिटभरानं मला हसू फुटलं, कारण काय नेसली होती ते मी स्पष्ट बघितलं होतं. चिंतामणी रंग. काठाला खरी जर.

सकाळी बादली घेऊन गेले तर वहिनी भिंतीवर हजर.

"चेहरा उतरलाय की हो."

"आली होती."

त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. "काय नेसली होती?"

मी कढीपत्त्याची दोन पानं खुडली, चुरगाळली, वास घेतला.

"पांढरी," मी म्हणाले. "अगदी साधी."